काका, पंप चालूच राहणार आहे

ति. काका,


तुम्ही औषध लिहून देत नाही, छाती तपासत नाही, फी घेत नाही. तुम्ही फक्त बोलता. पार्किंगमधल्या बाकावर बसून बोलता, लिफ्टचं दार हाताने अडवून बोलता, गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद वाटता वाटता बोलता. गेल्या पावसाळ्यात तुमच्या एका वाक्यामुळे माझ्या लेकीचं दम्याचं सकाळचं औषध बंद पडलं. 'एवढ्याशा पोरीला पंप? सवय लागेल हो तिला, जन्मभर सुटायचा नाही.' तुम्हाला हे बोलल्याचं आठवतही नसेल. चार माणसांत बोलला होतात, म्हणून मीही चार माणसांतच उत्तर देते आहे.

आमच्या घरात तुमच्या शब्दाला वजन आहे. तुम्ही बँकेत आयुष्य काढलंत. सासूबाईंची ठेव कुठे ठेवायची, फॉर्म कोणता भरायचा, हे तुम्ही सांगता आणि ते बरोबर असतं. ठेवीच्या बाबतीत मीही तुमचं डोळे मिटून ऐकते. पण बँकेत कमावलेला तो विश्वास तुम्ही माझ्या मुलीच्या फुप्फुसांवर खर्च केलात. सकाळची लोकल पकडायला मी लवकर निघते, त्यामुळे सकाळचा पफ देणं सासूबाईंकडे होतं. तुमचं ऐकून त्यांनी तो द्यायचा थांबवला. पोर हसतीखेळती होती, खोकला नव्हता, मग कशाला औषध मारायचं, असं त्यांना वाटलं. नातीवरच्या मायेपोटीच त्यांनी ते केलं, म्हणून माझा राग त्यांच्यावर नाही.

मला कळलं ते आकड्यावरून. आमच्या पंपाला पाठीमागे बारीकशी खिडकी आहे, तिच्यात उरलेल्या पफांचा आकडा दिसतो. २०० पफांचा पंप, सकाळी एक आणि रात्री एक, म्हणजे १०० दिवस पुरला पाहिजे. खिडकीतली शिल्लक हिशेबापेक्षा बरीच जास्त निघाली. बँकेत असा फरक आला असता तर तो सापडेपर्यंत तुम्ही घरी गेला नसता. मला फरक दिसला तो रात्री उशिरा, दवाखान्यातून परत आल्यावर.

त्या दिवशी तिला साधी सर्दी झाली होती. शाळेत निम्म्या वर्गाला होती तीच. रात्री मात्र तिच्या गळ्याखालची खळगी प्रत्येक श्वासाला आत जायला लागली. बरगड्यांमधली कातडी ओढली जात होती, नाकपुड्या फुलत होत्या. ही पोर एरवी एका दमात शाळेची अख्खी गोष्ट सांगते. त्या रात्री ती 'आई' म्हणाली, थांबली, 'पाणी' म्हणाली, परत थांबली. आम्ही निळा पंप स्पेसरच्या नळकांड्यातून दिला, थोडं बरं वाटलं, पण ते टिकेना. मग रिक्षा, दवाखाना, नेब्युलायझर, तोंडावर मास्क, आणि पोटातून द्यायचं स्टेरॉइड.

तुम्ही तेव्हा झोपला होतात. त्यात तुमचा काहीच दोष नाही, त्या वेळी माणूस झोपतोच. पण काका, तुमचा सल्ला नेहमी तिच्या चांगल्या दिवशी येतो. वाईट रात्री तुम्ही कधी समोर नसता, त्यामुळे आपल्या बोलण्याचं पुढे काय झालं हे तुम्हाला कधी बघावं लागत नाही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

निदान आता तरी नीट समजून घ्या. पंप दोन आहेत. निळा पंप अडीअडचणीचा. त्यातलं सालब्युटामॉल श्वासनळ्यांभोवतीचे आवळलेले स्नायू सैल करतं, काही मिनिटांत आराम पडतो आणि चार-सहा तास टिकतो. दुसरा पंप रोजचा. त्यात अगदी थोडं स्टेरॉइड असतं, आमच्या पंपात ब्युडेसोनाइड आहे. ते श्वासनळ्यांच्या आतली सूज उतरवतं. दमा असलेल्या मुलाच्या नळ्यांना ही सूज खोकला नसतानाही असते, म्हणून एरवी कुणी लक्ष देणार नाही अशी सर्दी तिला दवाखान्यात नेते. रोजच्या पंपाने सूज उतरायला दिवस लागतात, पुरती आटोक्यात यायला काही आठवडे. घेतल्याक्षणी काहीही जाणवत नाही. आणि बंद केला तरी पहिले काही दिवस काहीही बिघडत नाही. तुमचं वाक्य नेमकं याच दिवसांवर जगतं. औषध बंद केलं, मूल ठणठणीत, म्हणजे औषध नकोच होतं, असा सगळ्यांचा समज होतो. सूज परत चढत असते आणि बाकावर बसून ती दिसत नाही.

तुम्हाला आकडे पटतात, म्हणून आकड्यांत सांगते. तिच्या एका पफात १०० मायक्रोग्रॅम औषध आहे, दिवसाचे झाले २००. त्यातलंही सगळं रक्तात उतरत नाही. आता अटॅक आल्यावरचं बघा. २० किलोच्या मुलाला प्रेडनिसोलोन रोज साधारण २० मिलिग्रॅम देतात, तीन ते पाच दिवस. तीनच दिवस धरा, ६० मिलिग्रॅम झाले. म्हणजे ६०,००० मायक्रोग्रॅम, आणि हे पोटातून, सगळ्या अंगात. २०० ने भागा. ३०० येतात. औषधं वेगळी आहेत, त्यांची ताकद वेगळी आहे, तेव्हा हा हिशेब नुसत्या वजनाचा. पण सवय लागेल म्हणून तुम्ही ज्या पंपाला नाव ठेवलंत, त्याच्या ३०० दिवसांच्या वजनाएवढं स्टेरॉइड तीन दिवसांत पोटात घालायची वेळ त्यामुळेच येते.

स्टेरॉइडने उंची खुंटेल का, हा प्रश्न तुमच्या मनात असेल. तोही मी डॉक्टरांना विचारला आणि त्यांनी काही लपवलं नाही. अमेरिकेत ५ ते १२ वर्षांच्या मुलांना काही वर्षं रोज ४०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड दिलं, आणि ती मोठी झाल्यावर त्यांची उंची मोजली. २०१२ साली निकाल छापून आला. औषध न घेतलेल्यांपेक्षा ती सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. हा फरक पहिल्या एकदोन वर्षांत पडला, पुढे वाढत गेला नाही. माझ्या लेकीचा डोस त्याच्या निम्मा आहे. अर्धा-एक सेंटिमीटर जाईलही कदाचित. रात्रभर बसून श्वास मोजण्यापेक्षा तो गेलेला मला चालेल. आणि दर वेळी तपासणीला तिची उंची भिंतीला लावून मोजतात, ती तारखेसकट माझ्या वहीत आहे.

आता दुसरा कागद. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात ५ ते ४४ वयाच्या दम्याच्या रुग्णांच्या औषधांच्या नोंदी तपासल्या, तो अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. वर्षभरात रोजच्या औषधाचा एकेक पंप जास्त वापरला, तसतसं दम्याने मरण्याचं प्रमाण दर पंपामागे २१ टक्क्यांनी घटत गेलं. आणि ज्यांनी हा पंप बंद केला, त्यांच्यात पहिल्या तीन महिन्यांत मृत्यूचं प्रमाण चालू ठेवणाऱ्यांपेक्षा जास्त होतं. काका, पंप बंद केल्यावरचे तीन महिने. तुम्ही ज्या काळात 'बघा, बंद केला तरी पोर छान आहे' म्हणता, तोच हा काळ. २०१९ च्या अंदाजाप्रमाणे जगभरातल्या दम्याच्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे तेरा आपल्या देशात आहेत, आणि दम्याने जाणाऱ्या दर शंभरांमधले चाळीसहून अधिक आपल्याच देशात. दम्याचा जोर काही आपल्याकडे तिप्पट नाही. उशिरा निदान, औषध न परवडणं, न मिळणं, ही कारणं आहेतच. पण मिळालेलं औषध कुणाच्या तरी सांगण्यावरून कपाटात जाणं हेही त्यातलंच एक, आणि तेवढं तरी तुमच्या हातात आहे.

सवयीबद्दलही ऐका. या औषधाची तलफ येत नाही, ते घेऊन मजा वाटत नाही, चालू आहे म्हणून डोस वाढवत न्यावा लागतो असंही नाही. तीन महिने दमा नीट आटोक्यात राहिला की डॉक्टर स्वतःच डोस उतरवायचा विचार करतात, टप्प्याटप्प्याने, मुलाला तपासून. तुम्ही रोज सकाळी चहाच्या आधी बीपीची गोळी घेता. मागच्या महिन्यात मशीनवर बीपी १२०/८० आलं तेव्हा तुम्ही सगळ्यांना आनंदाने सांगितलंत, आणि दुसऱ्या दिवशी गोळी घेतलीत. तुम्हाला कुणी 'सवय लागेल' म्हणालं नाही. म्हणालं असतं तर तुम्ही त्याला उठवून दिलं असतं.

घरी हे सगळं कसं चालतं, ते एकदा येऊन बघा. पंप हलवायचा, स्पेसरला लावायचा, तोंडातली नळी ओठांनी घट्ट धरायला लावायची. एकदाच दाबायचं. मग ती पाच-सहा संथ श्वास घेते, स्पेसरची झडप टकटक वाजते आणि ती बोटांवर मोजते. लहान होती तेव्हा मास्क होता, तो नाकातोंडावर चपखल बसला नाही किंवा ती रडली की औषध हवेत जायचं, म्हणून आधी बाहुलीला पफ द्यावा लागायचा. पंप दात घासायच्या ब्रशशेजारी ठेवला आहे. पफ झाला की लगेच चूळ भरायची आणि थुंकायची, नाहीतर औषध तोंडात राहून पांढरे चट्टे येतात, आवाज बसतो. रविवारी स्पेसर कोमट पाण्यात जरासा साबण घालून बुडवायचा आणि तसाच निथळत ठेवायचा. फडक्याने पुसायचा नाही, घासलं की प्लास्टिकला औषध चिकटतं आणि फुप्फुसात कमी पोचतं. पंप रिकामा झाल्यावरही फवारा उडतच राहतो, म्हणून आकडा बघायचा. सासूबाई आता हे सगळं करतात, पण करताना त्यांचा चेहरा पडलेला असतो.

तुम्ही सुचवलेल्या बाकीच्या गोष्टींचंही सांगून टाकते. कोजागिरीच्या रात्री औषध घातलेली खीर खायला नेणार नाही, मृगाला हैदराबादला नेऊन तिच्या घशात जिवंत मासा सोडायचा तर विचारही करणार नाही. खीर आम्ही घरी करू आणि रात्रीचा पफ घेऊन झोपू. आणि एक गोष्ट मी तुम्हाला सुचवते. संध्याकाळी तुम्ही जिन्यात डासांची कॉइल लावता. २००३ सालच्या एका अभ्यासात मोजलं होतं की एक कॉइल जळताना जेवढे सूक्ष्म कण सोडते तेवढे ७५ ते १३७ सिगारेटींतून निघतात. तो धूर दाराखालून आमच्या घरात येतो. जाळी लावा, पंखा लावा, कॉइल बंद करा.

राग सगळ्यात जास्त दुसऱ्याच गोष्टीचा आहे. तुम्ही ते वाक्य बोललात तेव्हा ती तुमच्यापासून हातभर अंतरावर उभी होती. वर 'बिचारी' म्हणून तिच्या डोक्यावरून हात फिरवलात. त्यानंतर ती मामाकडे राहायला गेली तेव्हा पंप बॅगेत तळाशी, मोज्यांच्या आत लपवून ठेवला होता. भावंडांसमोर घ्यायची लाज वाटली, म्हणून रात्री घेतलाच नाही. त्याआधी ही पोर सगळ्यांसमोर, टीव्ही बघता बघता पफ घ्यायची. ती बिचारी नाही. शाळेच्या खो-खोच्या संघात आहे, आणि पळता येतं ते पंप चालू आहे म्हणून.

सासूबाई माझं ऐकून घेतात, डॉक्टरांचंही ऐकून घेतात, पण विश्वास अजून तुमच्यावर आहे. दर सकाळी पफ देताना त्या पुटपुटतात, 'काका म्हणाले होते…' ते वाक्य माझ्याने पुसलं जात नाही. तुम्ही दिलंत, तुम्हीच परत घ्या. या आठवड्यात आमच्याकडे या, त्यांच्यासमोर बसा आणि सांगा की मला यातलं कळत नव्हतं, पंप रोज द्या, डॉक्टर थांबवायला सांगतील तेव्हाच थांबवा. पोर घरी असताना या, म्हणजे तिच्याही कानावर पडेल. मी साडेसातपर्यंत घरी पोचते.

तुमच्याच विंगेतली,
तिची आई