भरोसा नाही काय, सर?

प्रति,
श्री. लेआउटवाले भाऊ,
(ऑफिसला कुलूप, फोन बंद, पाटी मात्र अजून उभी)
कळंब, जि. यवतमाळ.

विषय : प्लॉट क्रमांक 27 बद्दल जाहीर आभार.

भाऊ,

या पत्रात तुमचं नाव घेत नाही. एक तर तुमच्यासारखे तुम्ही एकटे नाही. प्रत्येक तालुक्याला तुमचा एखादा भाऊबंद आहेच. आणि दुसरं म्हणजे, तुम्ही मला दिलेल्या पावतीवर तरी तुमचं नाव कुठं होतं?

28 फेब्रुवारी 2024 ला पंतप्रधान यवतमाळला आले आणि वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गातला वर्धा ते कळंब हा टप्पा सुरू झाला. कळंबला रेल्वे आली! गाव हरखून गेलं. पण खरी चपळाई तुमची. गाडीमागून धुरळा बसायच्या आत तुमचं रंगीत माहितीपत्रक घरोघरी पोचलं होतं. 'स्टेशन पाच मिनिटांवर, नागपूर-तुळजापूर हायवे हाकेच्या अंतरावर, चिंतामणी गणपतीचा आशीर्वाद पाठीशी.' यातलं खोटं काहीच नव्हतं, हे मी आजही मान्य करतो. रूळ तुमच्या धुऱ्यावरूनच जातो. गाडी धुऱ्यावर थांबत नाही, एवढंच.

त्या वर्षी पाडवा 9 एप्रिलला होता. तुम्ही मंडप टाकला, पेढे वाटले, येईल त्याला टोपी घातली. (टोपी खरोखरची होती. दुसरी नंतर घातलीत.) साडेसात लाखांचा दीड हजार चौरस फुटांचा प्लॉट, आज 1 लाख 51 हजार भरा, उद्यापासून भाव वाढला. मी चाचरत विचारलं, "भाऊ, कागद पाहाले भेटतीन काय?" तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालात, "सर, भरोसा नाही काय आमच्यावर? कागद कुठं पळून चालले का?"

मी वर्गात तीस वर्षं पोरांना सांगत आलो, "शंका विचारा रे, लाजू नका." त्या मंडपात चार माणसांसमोर मीच लाजलो. कागद मागणं म्हणजे तुमचा अपमान करणं, असं तुम्ही एका वाक्यात करून ठेवलं. धंद्यातलं तुमचं खरं भांडवल ते वाक्य. जमीन तर तुमची नव्हतीच.

ती तुमची नव्हती, हे मला पाच महिन्यांनी कळलं. डिजिटल सहीच्या सातबाऱ्याला 15 रुपये लागतात. नुसता बघायचा असेल तर महाभूलेखवर फुकट. हा 15 रुपयांचा कागद न बघता मी दीड लाखाच्या वर मोजले. तरी लोक म्हणतात, मास्तर हिशेबाला पक्के असतात.

त्या सातबाऱ्यावर नाव होतं शेजारच्या मौज्यातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं. भूधारणा पद्धतीपुढे लिहिलं होतं, 'भोगवटादार वर्ग-2'. म्हणजे शासनानं अटींवर दिलेली जमीन. सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही. उजवीकडे 'इतर हक्क' या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा आणि दोन बहिणींची नावं. तुमचं नाव कुठंच नाही. तुमच्याजवळ होतं त्या म्हाताऱ्याचं नोटरी केलेलं मुखत्यारपत्र. सर्वोच्च न्यायालयानं 2011 साली सूरज लॅम्प खटल्यात सांगून टाकलं आहे की नुसत्या मुखत्यारपत्रावर किंवा करारावर मालकी मिळत नाही. त्यासाठी नोंदणी झालेलं खरेदीखतच लागतं. आणि नोटरी फक्त सही कोणी केली ते पाहतो, जमीन कोणाची ते नाही. पण तुमच्या मंडपात न्यायालयाला निमंत्रण नव्हतं.

आणि आपला जिल्हा तर याबाबतीत जास्तच नाजूक. इथं कोलाम आणि गोंड बांधवांच्या जमिनी आहेत. महसूल संहितेच्या कलम 36 आणि 36-अ प्रमाणे त्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीच्या नावावर होत नाहीत. विनोबांचं पवनार शेजारच्या जिल्ह्यात. भूदानाची जमीनही आपल्या भागात आहे, आणि ती कसायला दिलेली असते, विकायला नाही. म्हणून नुसता चालू सातबारा पाहूनही भागत नाही, जुने फेरफार काढावे लागतात. हे मला एका निवृत्त पटवाऱ्यानं चहाच्या टपरीवर दहा मिनिटांत समजावलं. त्यानं चहाचे पैसेसुद्धा स्वतःच दिले. ज्यानं मला कधी 'भरोसा ठेवा' म्हटलं नाही, असा या प्रकरणातला तो एकच माणूस.

आता तुमच्या नकाशाबद्दल. फार देखणा होता. बाग, मंदिर, नऊ मीटरचे रस्ते, कोपऱ्यात झोपाळा. एका कोपऱ्यात बारीक अक्षरात 'प्रस्तावित' असं लिहिलेलं, ते मी चष्मा बदलल्यावर वाचलं. नगररचना विभागाचा मंजुरी क्रमांक, तारीख, शिक्का यांपैकी काही नव्हतं. बिगरशेतीचं विचारलं, तर 'एनए होऊन जाईन ना सर, कायले टेन्शन घेता!' हे तुमचं उत्तर. आणि नकाशातल्या बागेत पुढच्या वर्षी दोन नवे प्लॉट निघाले. झाडांपेक्षा प्लॉट लवकर उगवतात, हे मला शेतकऱ्याच्या घरात जन्मूनही ठाऊक नव्हतं.

महारेरा नोंदणीचं तर मी विचारायलाच नको होतं. 1 मे 2017 पासून लागू झालेला रेरा कायदा फ्लॅटचाच आहे, असं तुम्ही सांगितलंत. तो प्लॉटलाही लागू आहे. नियोजन क्षेत्रात पाचशे चौरस मीटरच्या वर जागेचे प्लॉट पाडून विकायचे तर आधी नोंदणी करावी लागते. तुमचा लेआउट दोन एकरांचा, म्हणजे आठ हजार चौरस मीटर. 1 ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीवर क्यूआर कोडही छापावा लागतो. तुमच्या पत्रकावर त्या जागी चिंतामणीचा फोटो होता. शिवाय नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. साडेसात लाखांचे दहा टक्के म्हणजे 75 हजार. तुम्ही घेतले दुपटीच्या वर. तेही रोख! '20 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम जमिनीच्या व्यवहारात रोख घेऊ नये' असं आयकर कायदा म्हणतो आणि घेणाऱ्याला तेवढाच दंडही लावतो. पण कच्च्या पावतीवर ना तारीख, ना सही, म्हणजे तुम्ही घेतलं तरी कुठं!

पावसाळ्यात मी जागा बघायला गेलो. जागा पाडव्याच्या उन्हात बघायची नसते, हेही आता कळलं. उन्हाळ्यात काळी जमीन किती सभ्य दिसते! जुलैत तीच फुगते, पायातला जोडा ओढून घेते आणि हिवाळ्यात हातभर भेगा दाखवते. तिच्यावर उथळ पाया भरला तर दोन वर्षांत भिंतीला चिरा. खाली पक्का मुरूम किती खोल लागतो, ते खड्डा खोदून बघावं लागतं. माझ्या 27 नंबरात तर खड्डा खोदायची गरजच नव्हती, नाल्यानं तो आधीच केला होता. निळी पूररेषा पंचवीस वर्षांतल्या पुराची आणि लाल शंभर वर्षांतल्या पुराची असते, म्हणतात. तुमच्या लेआउटला तेवढा धीर नाही. चिंतामणीच्या पायांना कुंडाचं पाणी बारा वर्षांनी लागतं, अशी आपल्याकडे श्रद्धा आहे. मला मात्र हा योग दर जुलैत.

शेवटी मी बँकेत गेलो. त्यांच्या वकिलानं अर्ध्या तासात फाईल परत केली. मी तेव्हा त्या माणसावर चिडलो, आज त्याचे पाय धरावेसे वाटतात. ज्या जागेवर बँक स्वतःचा रुपया लावत नाही, तिच्यावर आपली पेन्शन लावू नये. इतका स्वस्त सल्ला दुसरा नाही. म्हणून तर तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणाला होतात, "सर, लोनच्या भानगडीत पडूच नका."

भाऊ, तुम्हाला वाटेल, हे सगळं मी रागानं लिहितो आहे. राग होता. पण ऑक्टोबरात एका गोष्टीनं तो विरला. मी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जुन्या नोंदी शोधायला गेलो होतो, आणि रांगेत माझ्यापुढे तुम्ही. तुम्ही मला पाहिलं नाही. तुम्ही मुलासाठी फ्लॅट घेत होता, एवढं तुमच्या वकिलाच्या बोलण्यावरून समजलं. हो, वकील होता सोबत! काखेत एवढी जाड फाईल. तीस वर्षांचा शोध अहवाल, सूची क्रमांक दोनच्या नकला, मंजूर नकाशा, महारेराचा क्रमांक, बँकेचं पत्र. तुम्ही प्रत्येक पान बोट ठेवून वाचत होता. एका कागदावर शिक्का पुसट होता तर तुम्ही वकिलाला म्हणालात, "हे नाही चालत. दुसरी नक्कल आणा."

तुम्ही कोणावरही भरोसा ठेवला नाही, भाऊ. आणि कोणाला अपमानही वाटला नाही.

तेव्हा एकच विनंती. माझे पैसे तुम्ही देणार नाही, त्यासाठी मी तहसील आणि पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवतो आहे. पण ती फाईल एक दिवस उसनी द्या. झेरॉक्सचा खर्च माझा. गावात ज्याला ज्याला पहिलं घर घ्यायचं आहे, त्याला मी एकेक प्रत देईन आणि सांगेन, लेआउटवाला विकताना काय बोलतो ते ऐकू नका. स्वतः घेताना काय मागतो ते मागा.

आपला,
प्लॉट क्रमांक 27 (प्रस्तावित)

ता. क. : त्या पाडव्याची टोपी अजून जपून ठेवली आहे. पुढच्या लेआउटच्या मंडपात घालून येईन आणि पहिल्या खुर्चीवर बसेन. 15 रुपयांचा एक कागद सोबत असेल.