सगळं ओके, डिस्प्ले नाही

महाराष्ट्रात एखादी गोष्ट बंद पडली की दोनच शक्यता असतात. एक तर तिचे सगळे भाग ओके असतात, किंवा ते ओके असल्याचं प्रत्येकाने लेखी दिलेलं असतं. बंद गोष्टीत बिघडलेला भाग सापडल्याचं ऐकिवात नाही.

या सिद्धांताची ताजी सिद्धता नुकतीच कपिलधारला पार पडली. मांजरसुंब्याजवळच्या या ठिकाणी लोक मन्मथस्वामींच्या समाधीला येतात, पावसाळ्यात धबधबा बघायला येतात. यंदा त्यात आमच्या अण्णांच्या घरातल्या कॉम्प्युटरची भर पडली. तो चालू होत नव्हता म्हणून लोक बघायला येत होते. चालू असता तर कोण कशाला आलं असतं?

कॉम्प्युटर पुतण्याने स्वतः असेम्बल केलेला. घरात कारण दिलं होतं स्पर्धा परीक्षेचं. तयार मशीन घ्यायचं नाही, कारण त्यात एकच कंपनी फसवते; असेम्बलमध्ये ही संधी सगळ्यांना समान मिळते. त्यानुसार प्रोसेसर ऑनलाइन सेलमधून आला, मदरबोर्ड बीडच्या एका दुकानातून ‘शेवटचा पीस’ म्हणून आला, रॅम संभाजीनगरहून, आणि कॅबिनेट-एसएमपीएस पुण्यात शिकणाऱ्या मित्राने दिलं. इतक्या दिशांनी आलेल्या घटकांचं सरकार होतं, मग कॉम्प्युटर का होणार नाही, असा पुतण्याचा सवाल. सवाल रास्त होता. फरक इतकाच की सरकारात खाचा जुळल्या नाहीत तरी शपथविधी उरकता येतो.

रॅमचं तसं नाही. डीडीआर4 आणि डीडीआर5 दोन्हींना पिना 288, दिसायला सख्ख्या बहिणी, पण मधली खाच वेगळ्या जागी. पुतण्याने ‘नवं ते चांगलं’ म्हणून डीडीआर5 आणली होती आणि बोर्ड होता डीडीआर4 चा. कांडी बसेना. अण्णा म्हणाले, “दाब की जरा. नवं हाय, घट्टच असायलंय.” तरी ती बसली नाही. या सगळ्या प्रकरणात तोंडावर स्पष्ट ‘नाही’ म्हणणारी ती एकमेव वस्तू. म्हणून सगळ्यात आधी तिलाच घराबाहेर काढण्यात आलं.

डीडीआर4 आली. वहिनींनी कॅबिनेटला हळदीकुंकू वाहिलं, नारळ फुटला, बटण दाबलं. पंखे फिरले, रंगीत दिवे लागले, टाळ्या पडल्या. मॉनिटर मात्र काळाच. पुतण्या म्हणाला, “पंखे फिरायलेत म्हणजे चालू हाय.” पंखे फिरतात याचा अर्थ एसएमपीएसमधून वीज आली, एवढाच. त्याला उद्घाटन म्हणता येईल, काम म्हणता येत नाही. पण आपल्याकडे फीत कापल्यावर आत काय चाललंय ते विचारण्याची पद्धत नाही.

मग फोनाफोनी. बोर्डवाले म्हणाले, बोर्ड टेस्ट करूनच दिलाय, प्रोसेसर बघा. प्रोसेसरच्या कस्टमर केअरने तिकीट नंबर दिला आणि बोर्ड बघायला सांगितलं. रॅमवाले म्हणाले, रॅम कधी खराब होत नसते, एसएमपीएस बघा. पुण्याच्या मित्राने एसएमपीएसची बाजू घेतली आणि विजेवर बोट ठेवलं. वीज आपली बाजू मांडायला घरी थांबत नाही, त्यामुळे काही दिवस दोष तिच्याकडे राहिला. सांगोल्याच्या तेव्हाच्या आमदारांचा 2022 सालचा तो गुवाहाटीचा ‘ओके’वाला फोन आठवावा, असं सगळं ओके होतं. फक्त डिस्प्ले नव्हता.

दरम्यान गावातली तज्ज्ञ समिती बसली. एका मामांनी अर्थिंगचा मुद्दा काढला. तो तितका चुकीचा नव्हता, कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येत होत्या. दुसऱ्यांनी रॅमच्या सोनेरी कडा खोडरबरने घासल्या. हा उपाय आपल्याकडे तापाच्या गोळीसारखा कशावरही देतात, आणि कधीकधी लागूही पडतो. एमएस-सीआयटी पास झालेल्या काकांनी ‘विंडोज टाका’ असा निर्वाळा दिला. ज्याचा पडदाच उजळत नाही त्यात विंडोज कुठून टाकायची, हे समितीच्या कार्यकक्षेबाहेर होतं.

शेवटी कामाला लागली पुतण्याची धाकटी बहीण. तिचं वेगळेपण एवढंच की तिने खोक्यातली पुस्तिका वाचली. आपल्याकडे पुस्तिका वाचणं म्हणजे स्वतःच्या बुद्धीचा अपमान. त्यामुळे वॉरंटी कार्डासकट ती शोकेसमध्ये जाते. पोरीने बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढला आणि त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला. प्रोसेसर, पंखा, रॅमची एकच कांडी आणि तीही प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत, बाकी सगळं बाजूला. चोवीस पिनांची मोठी केबल लावली. प्रोसेसरची आठ पिनांची केबल कॅबिनेटच्या मागे तशीच लोंबत होती, तीही लावली. मग ती म्हणाली, “दादा, एचडीएमआय बोर्डाला कामून लावलंय? ह्या प्रोसेसरमधी ग्राफिक्सच न्हाई.”

प्रोसेसर होता रायझन 5 5600. त्याच्या पोटात ग्राफिक्स नसतं, ते 5600जी मध्ये असतं. एका अक्षराचे पैसे वाचवून पुतण्याने ग्राफिक्स कार्ड पुढच्या सेलमध्ये घ्यायचं ठरवलं होतं. म्हणजे चित्र काढणारं मशीनमध्ये कोणी नव्हतंच आणि तरी सगळे पडद्याकडे डोळे लावून बसले होते. एका फोटो स्टुडिओतून जुनं कार्ड उसनं आणलं. पडदा तरीही काळाच. फक्त आता बोर्डावरच्या चार बारक्या दिव्यांपैकी ‘सीपीयू’ लिहिलेला एक लाल होऊन बसला.

इथे खरी मेख होती. बोर्ड बी450 चा, म्हणजे 2018 च्या पिढीचा. प्रोसेसर बाजारात आला 2022 मध्ये. सॉकेट दोघांचं एकच, एएम4, त्यामुळे प्रोसेसर बिनतक्रार बसला. पण शेवटचा पीस बरीच वर्षं दुकानात पडून होता आणि त्यातल्या बायोसच्या दप्तरी या प्रोसेसरची नोंदच नव्हती. वारस घरात राहायला आला, फेरफार झालेला नाही. बरं, बायोस अपडेट करायचा तर मशीन चालू हवं, आणि मशीन चालू व्हायचं तर जुना, नोंद असलेला प्रोसेसर बसवायला हवा. तहसीलची पायरी चढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. नशिबाने या बोर्डाला मागच्या बाजूला बायोस फ्लॅशचं बटण होतं. कंपनीच्या साइटवरची फाइल फॅट32 पेन ड्राइव्हवर घेतली, पुस्तिकेत सांगितलेलं नाव तिला दिलं, बटण दाबलं. दिवा काही मिनिटं लुकलुकला. मग पडदा उजळला.

त्या संध्याकाळी सगळ्या दुकानदारांना फोन गेले. सगळ्यांचं उत्तर एकच: “आम्ही म्हटलंच होतं, आमचा माल ओके आहे.” आणि ते खरंच होतं! प्रत्येक भाग ओके होता. जोडणी कोणाचीच नव्हती.

आपल्या बीड जिल्ह्याला हा आजार जुना आहे. अहिल्यानगर-बीड-परळी हा 261 किलोमीटरचा रेल्वेमार्ग मंजूर झाला 1995 मध्ये, आणि बीडला गाडी आली 17 सप्टेंबर 2025 ला. मधल्या तीस वर्षांत जमीन, पूल, रूळ, केंद्राचा वाटा, राज्याचा वाटा, कोणालाही विचारा, आमच्याकडून ओके आहे. उलट, कार्तिकी पौर्णिमेला याच कपिलधारला मराठवाड्यातून, कर्नाटकातून, तेलंगणातून पायी दिंड्या येतात. गावं वेगळी, बोली वेगळ्या, तरी कोणी ‘जुळत नाही’ म्हणून परत जात नाही. कारण मुक्काम कुठे आणि पंगत कोणाची, हे दिंडी निघण्याआधी ठरतं, पोचल्यावर नाही.

तेव्हा वाचकहो, असेम्बल जरूर करा. फक्त खरेदीच्या आधी बोर्ड कंपनीच्या साइटवर प्रोसेसरची यादी बघा, कोणता प्रोसेसर कोणत्या बायोसपासून चालतो तेही तिथेच लिहिलेलं असतं. शक्यतो एकाच दुकानातून घ्या आणि पावतीवर ‘जोडून, डिस्प्ले दाखवून दिला’ असं लिहून घ्या. दुकानदार थोडा नाराज होईल. होऊ द्या. भागांची वॉरंटी सगळेच देतात, जोडणीची मागून घ्यावी लागते. निवडणुकीत मत मागायला येणाऱ्यांकडूनसुद्धा.