दहावी पास मुलाला कामापासून कसे वाचवावे
(भाईंदरच्या नवशिक्या पालकांसाठी)

साहित्य: मार्कशीट, क्लासच्या फीचा पहिला हप्ता आणि आयटीत असलेला एक मावसभाऊ.

मुलगा 'फिटर' म्हणाला, तर ऐकू आलं नाही असं दाखवा. अकरावीचा ऑनलाइन फॉर्म शक्यतो स्वतःच भरा.

भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांवरून त्याला नेऊ नका. तिथे स्टीलची भांडी बनतात. पत्र्याची चकती प्रेसखाली जाते आणि वाटी होऊन निघते. पॉलिशवाला ती फिरत्या बफवर धरतो, की काळपट पत्रा लखलखायला लागतो. पोरगं हे बघत उभं राहिलं की विचारणार, 'हा साचा कोण बनवतं?' उत्तर (टूल अँड डाय मेकर) चुकूनही देऊ नका. ते काम रीतसर शिकता येतं.

कायदा सांगायचाच तर अर्धा सांगा. शिकाऊ उमेदवार कायदा 1961 चा. वय चौदा पूर्ण हवं, धोक्याच्या उद्योगांतल्या ट्रेडना अठरा. लेखी करार होतो, विद्यावेतन मिळतं. हे गाळ्याच्या शेठलाही ऐकवू नका. 'शिकतोय ना, मग पगार कसला?' हे त्याचं धोरण, आणि 'आपल्या पोरानं हात काळे करायचे नाहीत' हे तुमचं. कराराचा कागद दोघांनाही नको असतो. राबतं ते तिसऱ्याच कुणाचं तरी पोरगं.

धाकट्याची काळजी आतापासून घ्या. 2020 च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकावं असं लिहिलंय. शाळेने मनावर घेतलंच, तर थर्माकोलचा कुंभार करून द्या. पाबळच्या विज्ञान आश्रमाचा विषय निघाला तर चहा मागवा. डॉ. कलबागांनी 1983 मध्ये तो सुरू केला आणि तिथे शाळा सोडलेली पोरंही वेल्डिंग करायला लागली. असली उदाहरणं घरात फार दिवस राहतात.

एवढं करूनही मुलगा आयटीआयला गेलाच, तर सुरुवातीला तो लोखंडाचा तुकडा कानशीने घासत बसेल. घासायचं, काटकोन बघायला गुण्या लावायचा, उजेडाकडे धरायचं. फट दिसली की पुन्हा घासायचं. मग एका संध्याकाळी तोच गुण्या तो तुमच्या नव्या फ्लॅटच्या कोपऱ्याला लावेल. तेव्हा बिल्डरला मोजलेल्या रकमेचा विषय काढू नका.