टनाची आजी, ग्रॅमचा ब्रश

(रंगमंचावर एक खुर्ची, एक उघडी बॅग. बॅगेत वरच पितळी तांब्या. तो मोबाइलवर आकडेमोड करत येतो, प्रेक्षकांना बघून थांबतो.)

जरा थांबा, आईचा धूर मोजतोय.

तशी ती ओढत नाही हो काही! मिरजेहून आलीय, विमानानं. मुंबई ते लंडन सात हजार किलोमीटरच्या वर. जाऊन येऊन माणशी टनाच्या वर कार्बन. हे मी नाही म्हणत, माझी मुलगी म्हणते. वय वर्षं बारा. आम्ही राहतो लंडनजवळ स्लावला आणि आमच्या घरात पृथ्वीचं वकीलपत्र तिच्याकडे असतं.

(मुलीच्या आवाजात) “बाबा, यंदा स्पेन नाही. इथल्याच खेड्यात जायचं. पर्यावरणाला त्रास न देता.”

मी खूश. म्हटलं, पैसे वाचले. मंडळी, ज्यानं इंग्लंडातल्या खेड्यात खोली शोधली नाही तोच असं म्हणू शकतो. पीक डिस्ट्रिक्ट ठरलं, ईडेल गावाच्या बाजूला. डोंगर, ओढे, दगडावर दगड रचून चुना-सिमेंटशिवाय उभे केलेले बांध. बायकोनं जागा शोधली. मेंढपाळाची खोपटी. चाकांवरची. पूर्वी मेंढ्या व्यायच्या दिवसांत मेंढपाळ थंडीवाऱ्यात त्यात मुक्काम करायचा. आता आपण करायचा. रात्रीचे शंभरावर पौंड.

आईनं फोटो बघितला. (चष्मा सारखा करत) “आपल्याकडचे धनगर भाडं भरतात होय रे?”

“नाही गं आई, हा अनुभव आहे.”

“तो त्यांनाही येतोच की. फुकट.”

मग तयारी सुरू झाली. मुलीनं सगळ्यांना दात घासायचे बांबूचे ब्रश आणले. साबणाची वडी, कारण बाटली प्लास्टिकची. आईला वडीचं एवढं कौतुक का करतात तेच कळेना, तिनं जन्मात बाटलीतला साबण वापरलेला नाही. ब्रश मात्र तिनं उलटासुलटा करून बघितला. “यानं किती वाचतं?”

“काही ग्रॅम, आजी.”

“आणि मी आले ते?”

(मुलगी गप्प. बायको गप्प. मी छताकडे बघतोय.)

“टनभर,” मी म्हटलं.

आई म्हणाली, “मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा!” आणि बांबूनं दात घासायला गेली.

त्या दिवसापासून घरात दोन पक्ष पडले. टन पक्ष आणि ग्रॅम पक्ष. मी टन पक्षात. कारण सुट्टीचा कार्बन ठरतो तो मुख्यतः तुम्ही तिथं कसे पोचता यावर, बॅगेत कसला ब्रश आहे यावर नाही. हे ऐकून मुलगी म्हणाली, “मग गाडी नाही. ट्रेन!”

स्लावहून पॅडिंग्टन, तिथून भुयारी रेल्वेनं सेंट पँक्रस, तिथून शेफील्ड, तिथून छोट्या गाडीनं ईडेल. चार गाड्या, चार माणसं, आणि आईच्या दोन बॅगा, ज्यांना मी माणसांतच मोजतो. तिकिटं बघितली. मंडळी, इंग्लंडात रेल्वेचं तिकीट काढायला बसलं की विमानाबद्दल आपुलकी वाटायला लागते. परत यायचं तिकीट वेगळं, गर्दीच्या वेळेचं वेगळं. आणि एकाच प्रवासाची दोन तुकड्यांत तिकिटं काढली तर कधीकधी स्वस्त पडतं! गाडी तीच, बाकडं तेच. हे ज्यानं शोधलं तो नक्की सदाशिव पेठेतला.

मी रात्री हिशेब मांडला. रेल्वे म्हणजे माणशी किलोमीटरला सुमारे पस्तीस ग्रॅम. पेट्रोलची गाडी किलोमीटरला दीडशेच्या वर, पण ती अख्ख्या गाडीची! भागिले चार? (डोळे मिचकावत) चाळीसच्या आसपास! जवळजवळ बरोबरी! सकाळी मोठ्या आनंदानं जाहीर केलं, “चौघं गाडीत कोंबून गेलो तरी चालतं.”

मुलगी म्हणाली, “आणि तिथं गाडी असली की तू नुसता बसशील का? मीठ संपलं तरी गाडी काढशील.”

बारा वर्षांची आहे हो. ट्रेन ठरली.

मग जेवण. मला वाटलं, हे सोपं. स्थानिक खायचं! खोपटीसमोरच मेंढ्या चरतायत, शून्य किलोमीटर. मुलीनं वही काढली. मेंढी ढेकर देते, ढेकरेतून मिथेन. किलोला किलो धरलं तर समोरच्या कुरणातल्या मटणाचा कार्बन बोटीनं आलेल्या डाळीच्या कितीतरी पट. अंतराचा फारसा संबंधच नाही.

आईचा चेहरा असा फुलला! “मग मी डाळ आणलीय की!”

“आजी, बोटीनं आलेली चालते. तुझी बॅगेतून आलीय. म्हणजे विमानाची.”

आईनं डाळीकडे बघितलं. मला वाटतं त्या क्षणी तूरडाळीलाही अपराधी वाटलं असेल.

वातावरण निवळावं म्हणून मी इतिहासात घुसलो. मला संधी मिळाली की मी घुसतोच. म्हटलं, आई, ईडेलच्या डोक्यावर किंडर स्काउट नावाचं पठार आहे. ड्यूक ऑफ डेव्हनशरची शिकारीची जमीन, पाऊल टाकायला मनाई, वर राखणदार. १९३२ साल. तेच साल, ज्या साली लंडनचं महाराष्ट्र मंडळ निघालं. आपली माणसं मंडळ काढत होती, गांधीजी येरवड्यात होते, आणि इकडे चोवीस एप्रिलला मँचेस्टर-शेफील्डकडची कामगार पोरं, शेकडोंनी, सरळ डोंगरात घुसली. पुढारी बेनी रॉथमन, वय वीस. पाच जण तुरुंगात गेले. पुढे १९४९ला कायदा झाला, शेतांतून जाणाऱ्या जुन्या पायवाटा नकाशावर पक्क्या नोंदायचं ठरलं, आणि १९५१ला पीक डिस्ट्रिक्ट हे इथलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. आज तू कुणाच्याही शेतातल्या नोंदलेल्या वाटेनं हक्कानं जाऊ शकतेस. मालक काही बोलू शकत नाही!

आई हरखली. “बांधावरून सुद्धा?”

“बांधाला पायऱ्या असतात चढायला!”

सगळं जमत आलं होतं. एवढ्यात बायकोनं जागेची माहिती खालपर्यंत वाचली. (कुजबुजत) संडास कंपोस्टचा.

म्हणजे कोरडा. झाल्यावर मूठभर लाकडाचा भुसा टाकायचा. पाणी? पाणी अजिबात नाही! ओलं झालं की सडतं, वास सुटतो, सगळं शास्त्र बिघडतं.

आईनं काही न बोलता बॅगेतून तांब्या काढला आणि टेबलावर ठेवला. (तांब्या खुर्चीवर ठेवतो.) असा. चर्चा संपली.

फोन मला करायला लावला. मालकीणबाई, आवाजावरून सत्तरीच्या. आता हे इंग्रजांना इंग्रजीत कसं विचारायचं? हवामानापासून सुरुवात केली. पाऊस. मेंढ्या. मग म्हटलं, “बाई, आमच्या आईंना... त्यानंतर... पाण्याची थोडी... सांस्कृतिक सवय आहे.”

बराच वेळ शांतता. मग बाई म्हणाल्या, “अच्छा, धुवायला होय? मग आमच्या गोठ्यापाशी साधा संडास आहे की, भरपूर पाणी. फक्त दोन शेतं ओलांडून यावं लागेल, मध्ये एक बांध आहे. पण काळजी नको. वाट नोंदलेली आहे.”

मी आईला सांगितलं. दोन शेतं. बांध. पहाटे. हातात तांब्या.

आई विचारात पडली. “म्हणजे ती पोरं तुरुंगात गेली, ती यासाठी?”

“तसंच म्हण.”

“मग कर बुक. आणि तो ब्रश दे इकडे, जाता जाता दातही घासते.”

(तांब्या उचलून ताठ मानेनं बांध चढल्यासारखा खुर्चीवर चढतो, पलीकडे उतरतो, काल्पनिक मेंढ्यांना “हाड्! हाड्!” करत विंगेत जातो.)