निलंबित परवान्याच्या सन्माननीय धारकांस अनावृत पत्र

प्रति,
परवाना निलंबित असताना गाडी चालवल्याबद्दल शिक्षा झालेले आणि ती मुळीच मान्य नसलेले चालक महोदय,
भोर व वेल्हे.

मोटार वाहन अधिनियम, 1988 चे कलम 182 अपात्र ठरलेल्या चालकाविषयी आहे. अशा चालकाने सार्वजनिक ठिकाणी गाडी चालवली, तर 3 महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. 2019 च्या दुरुस्तीआधी दंडाची कमाल मर्यादा 500 रुपये होती. चालक महोदयांचा हिशेब बहुधा त्याच काळातला असावा.

आव्हान देण्याआधी शिक्षा झाली आहे की नाही, हे पाहणे अगत्याचे. कलम 200 खाली तडजोड शुल्क भरून प्रकरण मिटवले असेल, तर न्यायालयाने दोषी ठरवलेलेच नसते. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसते. पैसे भरून वर न्यायही मागण्याची हौस येथेच फिटते.

खरोखर दोषी ठरवले असल्यास प्रश्न बचावाचा. महोदयांची कारणे हृदयद्रावक असतात: मुक्कामी एसटी चुकली, पिकअपमध्ये वऱ्हाड ताटकळले होते, शिवाय जायचे ते फक्त कापूरहोळहून नसरापूरपर्यंत. यांपैकी एकही कारण कलम 182 ला ठाऊक नाही. (मालवाहू गाडीतून माणसे नेणे हे तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 21 नुसार परवाना जाण्याचेच एक कारण. वऱ्हाडाचा उल्लेख टाळलेला बरा.)

खटल्याचा जीव असतो निलंबनाच्या, म्हणजे अपात्रतेच्या, आदेशात. कलम 19 नुसार हा अधिकार परवाना प्राधिकाऱ्याचा, म्हणजे आरटीओचा. त्याने चालकाला म्हणणे मांडू द्यावे लागते आणि कारणे लेखी नोंदवावी लागतात. कलम 206 च्या 2019 मधील दुरुस्तीनुसार पोलिस ठरावीक गुन्ह्यांत परवाना जप्त करून आरटीओकडे पाठवतात. जप्तीच्या पोचपावतीवर गाडी चालवता येत नाही हे खरे, पण जप्ती म्हणजे अपात्रतेचा आदेश नव्हे. परवाना निलंबित करण्याचा अधिकार पोलिसांना नाही, असे कोलकाता उच्च न्यायालयाने 2022 मध्ये म्हटले आहे. तेव्हा आदेश कोणी काढला, कोणत्या तारखेपासून, नोटीस कोणत्या जुन्या पत्त्यावर गेली आणि गाडी अडवली त्या दिवशी मुदत चालू होती का, हे तपासावे. पावसाळ्यात वरंधा घाट बंद झाला की आदेश कोणाचा आणि कुठवर, याची चौकशी चहाच्या टपरीवर बारकाईने होते. स्वतःच्या परवान्याबाबत तेवढीच चौकसता दाखवायला हरकत नाही.

अर्ज लिहिताना पोलिस ठाण्याच्या नावावरून तालुकाही ठरवू नये. वेल्हे तालुका आता राजगड झाला, पण राजगड पोलिस ठाणे नसरापूरला, म्हणजे भोर तालुक्यात. एवढ्यावरून शिक्षा रद्द होत नाही. अर्जाचा घोळ मात्र टळतो.

सर्वांत महाग पडतात ते दोन शब्द: “कबूल, साहेब.” कामधंद्याचा दिवस वाचवण्यासाठी ते उच्चारले, की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 416 नुसार अपील फक्त शिक्षेच्या प्रमाणाबद्दल किंवा वैधतेबद्दल करता येते, आदेशातल्या त्रुटी फाइलीतच राहतात. कबुली शक्यतो आरोपीच्याच शब्दांत नोंदवावी, असे कलम 275 सांगते. ती तशी नसल्यास पुनरीक्षण अर्जात मुद्दा मांडता येतो. त्याची मुदत 90 दिवस. कबुली दिली नसेल, तर दोषसिद्धीवर सत्र न्यायालयात 30 दिवसांत अपील.

हे अपील शिक्षेवरचे. आरटीओच्या आदेशावरचे अपील वेगळे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 19 नुसार त्याचेही 30 दिवस, आदेश हाती पडल्यापासून मोजायचे. अपील दाखल झाले म्हणून परवाना आपोआप जिवंत होत नाही. अपात्रतेचा आदेश न्यायालयाचा असल्यास त्याला स्थगिती अपील न्यायालयच देऊ शकते, असे कलम 23 मध्ये स्पष्ट लिहिले आहे.

अपात्रतेची मुदत लांब असेल, तर 6 महिने उलटल्यावर ती उठवण्यासाठी आदेश देणाऱ्या न्यायालयाकडे किंवा प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तो द्यायला स्वतः गाडी हाकत पुण्याला जाणे मात्र पुन्हा कलम 182 मध्येच बसते.