प्रश्न उद्भवत नाही

विधिमंडळाची तारांकित प्रश्नांची यादी हा मराठी गद्याचा एक दुर्लक्षित प्रकार आहे. त्याला पक्का घाट आहे. आरंभी, ‘अमुक तालुक्यातील तमुक नदीवरील पुलाचे काम गेल्या तीन वर्षांपासून रखडले असल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय’. मग, ‘असल्यास, याबाबत शासनाने चौकशी केली आहे काय’. मग, ‘असल्यास, चौकशीत काय आढळून आले’. आणि शेवटी भरतवाक्य: ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ उत्तरालाही असाच घाट आहे. पहिल्या भागाला ‘हे अंशतः खरे आहे’. पूल अर्धा झालेला असल्यामुळे उत्तरही अर्धं खरं असणं ओघानंच येतं. आणि उरलेल्या सगळ्या भागांना एकत्र बांधून एकच वाक्य: ‘प्रश्न उद्भवत नाही.’

हा न उद्भवणारा प्रश्न विचारणारा माणूस बहुधा मागच्या बाकावर बसलेला असतो. पुढच्या बाकांवरच्या मंडळींना प्रश्न विचारायला वेळ नसतो. ते माध्यमांच्या प्रश्नांना उत्तरं देत असतात. मागच्या बाकावरच्याला कॅमेरा दिसतो, पण कॅमेऱ्याला तो दिसत नाही. त्याचं नाव वर्तमानपत्रात येतं ते बहुतेक वेळा ‘आदींनी चर्चेत भाग घेतला’ यातल्या ‘आदी’मध्ये.

तरी तो बोलतो. राज्यपालांच्या अभिभाषणावर बोलतो, पुरवणी मागण्यांवर बोलतो, संध्याकाळ उलटून गेल्यावर अंतिम आठवडा प्रस्तावावर बोलतो. तेव्हा सभागृहात तालिका अध्यक्ष असतात, एखादे राज्यमंत्री असतात आणि ज्यांची पाळी यायची आहे असे तीन-चार सदस्य असतात. वेळ मिळालेली असते तीन मिनिटांची. त्यातलं पहिलं मिनिट ‘अध्यक्ष महोदय, आपण मला बोलण्याची संधी दिलीत’ यात जातं, कारण संधी खरोखरच दुर्मीळ असते. दुसऱ्या मिनिटात तालुक्याचं बसस्थानक, प्राथमिक आरोग्य केंद्रातला न आलेला डॉक्टर, जळालेलं रोहित्र, उसाच्या फडातला बिबट्या आणि दोन साठवण तलाव एका श्वासात येतात. तिसऱ्या मिनिटाला घंटा वाजते. ‘सन्माननीय सदस्यांनी आवरतं घ्यावं.’ सन्माननीय सदस्य ‘शेवटचा मुद्दा’ म्हणतात आणि त्यात आणखी चार गावं बसवतात. विषय राज्याच्या आर्थिक स्थितीचा असला तरी बिघडत नाही. त्या रोहित्राला राज्याच्या आर्थिक स्थितीतून वगळायचं कुणी?

हसू येतं खरं, पण या छापील प्रश्नाची दुसरी बाजू मंत्रालयात दिसते. तिथे त्याला कुणी तारांकित म्हणत नाही, ‘एलएक्यू’ म्हणतात. एलएक्यू आला की कक्ष अधिकारी जिल्ह्याला फोन करतो, जिल्हा तालुक्याला, तालुका शाखा अभियंत्याला. तीन वर्षं कपाटात निजलेली फाईल त्या दिवशी उठून बसते. पुलावर कधी न गेलेला माणूस पुलाचा फोटो काढायला जातो, आणि उत्तर छापून येईपर्यंत निदान खडीचे दोन ढीग तरी पडलेले असतात. उत्तर मात्र ‘विलंब झालेला नाही’ असंच येतं. एका परीनं तेही अंशतः खरं.

लोकसभेत रोज २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. तारांकितांना तोंडी उत्तर मिळायचं असतं. प्रत्यक्षात पुकारले जातात ते थोडेच, बाकीच्यांची उत्तरं पटलावर ठेवली जातात. पण तोंडी उत्तराची खरी गंमत पूरक प्रश्नात. छापील उत्तर खात्यानं लिहिलेलं असतं, पूरक प्रश्नाला मात्र मंत्र्याला स्वतः उभं राहावं लागतं. ही कला ज्यांना साधली त्यांच्यात आपले मधू लिमये अग्रगण्य. पुण्याचा हा माणूस बिहारमधल्या मुंगेर आणि बांका इथून चार वेळा लोकसभेत गेला आणि संसदेच्या नियमांचं पुस्तक त्यानं कीर्तनकारानं पोथी जवळ करावी तसं जवळ केलं. ते हातात कागद घेऊन उठले की समोरचा मंत्री आपले कागद चाळू लागे, असं सांगतात.

त्यांच्याआधीचं उदाहरण फिरोज गांधींचं. पंतप्रधानांचे जावई, सत्ताधारी पक्षाचे खासदार, पण मंत्रिपद नाही. १६ डिसेंबर १९५७ रोजी त्यांनी आयुर्विमा महामंडळानं हरिदास मुंदडांच्या कंपन्यांत गुंतवलेल्या सव्वा कोट रुपयांचा हिशेब लोकसभेत मागितला. न्यायमूर्ती छागलांची चौकशी झाली आणि १९५८च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी पायउतार झाले. मागच्या बाकावरून आणि तेही स्वपक्षाच्या! जावयाला असा मान घरी मिळाला असेल का, ते मात्र कार्यवृत्तात नाही. संसदेत बोललेलं छापणाऱ्या वर्तमानपत्रांना संरक्षण देणारा १९५६चा कायदाही त्यांच्याच अशासकीय विधेयकातून झाला.

अशासकीय विधेयक म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यानं आणलेलं विधेयक. लोकसभेत त्यासाठी शुक्रवारची दुपार राखलेली असते, अडीच तासांची. शुक्रवारी दुपारी खासदाराच्या मनात विधेयक किती असतं आणि मतदारसंघाकडे जाणारी गाडी किती, हे ज्याचं त्यानं ओळखावं. स्वातंत्र्यानंतर अशी फक्त १४ विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७०मध्ये. बाकीची मांडली जातात, त्यावर मंत्री ‘भावना चांगली आहे’ म्हणतात, आणि ‘सरकार याबाबत सकारात्मक आहे, तेव्हा सदस्यांनी विधेयक मागे घ्यावं’ अशी विनंती करतात. सदस्य घेतात.

पण मागे घेतलेलं सगळंच वाया जातं असं नाही. मृणाल गोरे यांनी विधानसभेत गर्भलिंगनिदानाच्या चाचण्यांविरुद्ध असंच अशासकीय विधेयक आणलं होतं. पुढे १९८८मध्ये महाराष्ट्र सरकारनं स्वतः कायदा केला, तो देशातला अशा प्रकारचा पहिला. १९९४मध्ये केंद्रानं केला. मागच्या बाकावरच्याला या व्यवहारात हाच मोबदला मिळतो. कल्पना त्याची, कायदा सरकारचा, आणि फीत कापायला तिसराच.

समित्यांची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे कॅमेरा नाही, प्रेक्षक नाहीत, टाळ्या नाहीत, त्यामुळे माणसं कामाचं बोलतात. संसदेच्या लोकलेखा समितीवर २२ सदस्य असतात, मंत्र्याला तिथे बसता येत नाही, आणि १९६७पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. सभागृहात ज्याच्या वाट्याला तीन मिनिटं येत नाहीत तो सदस्य तिथे सचिवाला तासभर विचारू शकतो, आणि सचिवाला ‘प्रश्न उद्भवत नाही’ म्हणण्याची सोय नसते. माझी आवडती मात्र आश्वासन समिती. मंत्र्यानं सभागृहात दिलेला शब्द पाळला की नाही, एवढंच ती पाहते. त्यासाठी संसदेनं वाक्यांची एक यादीच करून ठेवली आहे: ‘मी यात लक्ष घालीन’, ‘बाब विचाराधीन आहे’, ‘चौकशी चालू आहे’, ‘सन्माननीय सदस्यांना कळवीन’. असं काही म्हटलं की ते आश्वासन धरलं जातं आणि तीन महिन्यांत पुरं करायचं असतं. हीच यादी घराघरांत लागू केली तर किती संसार अडचणीत येतील!

हे सगळं नेटानं, वर्षानुवर्षं करणारे आमदार आपण पाहिले आहेत. शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख १९६२मध्ये सांगोल्यातून निवडून आले आणि तिथूनच एकूण ११ वेळा विधानसभेत गेले. मधली दोन छोटी मंत्रिपदं सोडली तर त्यांचं बहुतेक आयुष्य विरोधी बाकांवर गेलं. बोलणं हळू, मुद्दा दुष्काळी पट्ट्याच्या पाण्याचा, आणि तो सुटेपर्यंत सोडायचा नाही. सरकारं बदलली, मंत्री बदलले, पाण्याचा प्रश्न आणि प्रश्न विचारणारा मात्र तोच. सांगोल्याच्या मतदारांना त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही, हे त्यांचंही मोठेपण.

कारण बाकी आपण मतदार आमदाराला काय विचारतो? बदलीचं पत्र, दवाखान्यातली खाट, पोलीस ठाण्यात एक फोन. लग्नाला आला नाही तर आपण पाच वर्षं लक्षात ठेवतो. अधिवेशनाला गेला नाही तर आपल्याला पत्ताही नसतो. तेराव्याला हजर आणि सभागृहात गैरहजर असा लोकप्रतिनिधी आपल्याकडे लोकप्रिय ठरतो, आणि समितीच्या बैठकीत दिवसभर हिशेब तपासत बसलेल्याला आपण ‘हल्ली दिसत नाहीत’ म्हणतो. मग तोही शहाणा होतो आणि लग्नांच्या तिथी पाहून अधिवेशनाला जातो. हा दोष त्याच्या एकट्याचा कसा म्हणावा?

विधिमंडळाच्या आणि संसदेच्या संकेतस्थळांवर प्रश्न, उत्तरं, समित्यांचे अहवाल कुणालाही फुकट वाचता येतात. पत्रिकेवर आमदारसाहेबांचं नाव ‘प्रमुख उपस्थिती’त छापण्याआधी एकदा त्यांचे चार प्रश्न शोधून वाचा. सापडले आणि बरे वाटले, तर मांडवात हार घालताना तसं त्यांना सांगा. नाही सापडले, तर तेही तिथेच, चारचौघांत सांगा.