अधिकृतकाका

कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत शेजारणीनं एका रविवारी 'श्रीयुत गंगाधर टिपरे' लावलं. काका-काकूंना मुद्दाम बोलावणं, वर उपमा. पाचव्या मिनिटाला काकांनी बशी खाली ठेवली.

"बंद करा. आबा डावखुरे झालेत."

बघतो तर खरंच, आबा झालेले दिलीप प्रभावळकर डाव्या हातानं डायरी लिहीत होते. इंटरनेटवर चोरून चढवलेली मालिका पकडली जाऊ नये म्हणून लोक चित्र आरशातल्यासारखं उलटं करून टाकतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. काका तडक उठले. उपमा तेवढा संपवला. तो अधिकृत होता.

तेव्हापासून ते अधिकृतकाका. असा एक इसम पुण्यात दर दोन-तीन इमारतींमागे सापडतोच. निवृत्त, नाकासमोर चालणारा, जन्मात सिग्नल न तोडलेला. तोडणाऱ्यांचे नंबर मात्र टिपून ठेवणारा. त्याला जुन्या मालिका बघायच्या असतात, कायद्यानं बघायच्या असतात आणि दमडी मोजायची नसते. पहिल्या दोन अटी जमवता येतात. तिसरीपाशी गाडी अडते.

कायदा काकांना तोंडपाठ. "'रामायण' 1987 चं. चित्रीकरणाचा हक्क 60 वर्षं, तोही पुढच्या जानेवारीपासून मोजायचा. म्हणजे 1 जानेवारी 2048 ला मोकळं. एवढी कसली घाई?" काका तेव्हा शंभरीत असतील. 'चिमणराव'चं दुखणं निराळं. चिं. वि. जोशी 1963 मध्ये गेले, म्हणून त्यांचं लेखन 2024 पासून सर्वांना खुलं. पण प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी दूरदर्शनवर रंगवलेली जोडी 1970 च्या दशकातली, तिचा हक्क अजून शाबूत. "वाचायचा चिमणराव आपला, बघायचा सरकारचा," काका सुस्कारा सोडतात.

नोव्हेंबर 2024 मध्ये प्रसारभारतीनं जुन्या मालिका दाखवणारं 'वेव्हज' हे अ‍ॅप काढलं तेव्हा काकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. सरकारी, शिक्क्याचं! सगळ्या अटी वाचून मगच 'मान्य' दाबणारा हा देशातला बहुधा एकमेव माणूस. दोन दिवस लागले. 'काही अटींवर मान्य' असं बटण नाही, ही त्यांची तक्रार अजून आहे.

टिपऱ्यांसाठी मात्र झी-फाइव्हच. तिथली वर्गणी मुलानं भरली आहे, त्यानं वाकडहून पासवर्ड धाडला. काकांनी तो निरोप पुसून टाकला. "घर वेगळं, चूल वेगळी, रेशनकार्ड वेगळं, वर्गणी एक कशी?" तेव्हा आता दर गुरुवारी ते ज्येष्ठांचा पास घेऊन पीएमपीनं वाकडला जातात. जाऊन-येऊन तीन तास, मालिका अर्धा तास, त्यातही बसच्या दगदगीनं पहिल्या दहा मिनिटांत डोळा लागतो. सुनेनं आवाज कमी केला की दचकून जागे होतात.

रात्री घरी आल्यावर डायरी उघडतात. स्वतःची. 'गुरुवार. टिपरे. हात उजवा. खात्री केली.' कथेबद्दल अक्षर नाही.

काकूंना कथा ठाऊक असते. काका बसमध्ये असतात तेव्हा त्या शेजारी जातात. तिथे आबा अजून डाव्याच हातानं लिहितात.